बोरखेडीच्या इंजनाची साक्ष

मित्रांनो, नावेच्या पोटात बसून उमर काढलेला मी एक जुना डिझेल इंजन आहे. तुमच्या पुस्तकात 'ते इंजिन' असं लिहिलेलं असेल. आमच्या वऱ्हाडात मला 'तो इंजन' म्हणतात, आणि जन्मभर तेच ऐकल्यामुळे मीही स्वतःला तसंच म्हणतो. सध्या मी परतवाड्याच्या एका भंगारवाल्याच्या आवारात पडलो आहे. एका बाजूला मोडकी सायकल, दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा मडगार्ड. माझा पंप, पट्टा, नळ्या, सगळं काढून नेलं. उरलं आहे ते बिडाचं धूड, आणि तेही एक-दोन दिवसांत घणाखाली जाईल. त्याआधी मला एक गोष्ट सांगून मोकळं व्हायचं आहे. ती माझ्यापेक्षा इनायतुल्ला मिस्तरींची जास्त आहे. पण ते स्वतः ती कधी सांगणार नाहीत, आणि ज्याने सांगायला हवी होती त्याने सांगितली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. सगळेच इंजन हे मोठ्या कौतुकाने सांगतात, म्हणून मी त्यात वेळ घालवत नाही. हिरवा रंग होता, पितळेची पाटी होती, आणि पहिल्या हँडलला मी सुरू झालो होतो, एवढं पुरे.

तिथून मी आलो वलगावला, रामरावांच्या संत्र्याच्या बगीच्यात. विहिरीवर मला बसवलं. दिवसभर मी पाणी उपसायचो आणि झाडं प्यायची. पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर मलाही हळदकुंकू लागायचं आणि डोक्यावर एक पुरणपोळी ठेवली जायची. ती मुंग्या खायच्या, पण मान माझा असायचा. त्या काळात मी फार गर्विष्ठ होतो. मला वाटायचं, मी आहे म्हणून पाणी आहे.

मग पाणी खाली जाऊ लागलं. मला वीस-बावीस फुटांवरूनच पाणी ओढता येतं. त्यामुळे रामरावांनी विहिरीच्या भिंतीत आत कोनाडा खोदून मला तिथे उतरवलं. दोन वर्षांनी पाणी त्याच्याही खाली गेलं. आजूबाजूला जो तो खोल बोअर मारू लागला, आणि उथळ विहिरी एकामागून एक कोरड्या पडल्या. संत्र्याची झाडं उभ्या उभ्या वाळली. ती तोडायला आलेल्या माणसांनी दुपारची भाकर माझ्या सावलीला बसून खाल्ली. रामरावांची दोन्ही मुलं पुण्याकडे कंपनीत लागली आणि मी गोठ्यात गेलो. चार वर्षं कोंबड्या माझ्यावर बसत होत्या. गर्व उतरायला तेवढा काळ भरपूर झाला.

गोठ्यातून मला बाहेर काढलं ते इनायतुल्ला मिस्तरींनी. परतवाड्याला त्यांचं इंजन दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या भागात कुणाचाही इंजन अडला की लोक म्हणायचे, इनायतुल्लाला बोलवा. त्यांची एक रीत होती. आधी पाना उचलायचा नाही. इंजन सुरू करायचा आणि उजव्या हाताची पालथी बाजू त्याच्या डोक्यावर ठेवायची, आपली आई ताप पाहते तशी. डोळे मिटून ते थोडा वेळ उभे राहायचे आणि मग सांगायचे, इथं दुखतंय.

वलगावच्या गोठ्यात त्यांनी माझ्यावरची कोंबड्यांची घाण स्वतःच्या हाताने पुसली, मला फिरवलं, आणि पालथा हात ठेवून रामरावांना म्हणाले, "याचा दम अजून बाकी आहे, रामरावजी. याले पाण्यापाशी नेतो. गरीब बिचारा पाण्याविना पडून राहिला."

त्यांनी मला नेलं अचलपूरच्या वर, डोंगराच्या पायथ्याच्या धरणावर. तिथे बोरखेडी नावाचं गाव आहे. धरणाचं पाणी अडलं तेव्हा गाव वाचलं, पण गावाचा रस्ता पाण्याखाली गेला. काठाकाठाने जायचं तर बैलगाडीने अर्धा दिवस लागायचा, आणि पाण्यातून सरळ गेलं की वीस मिनिटांत समोरच्या काठावर शाळा, दवाखाना, एसटीचा थांबा. म्हणून गावाने समिती करून एक लाकडी बोट घेतली होती. समितीचे अध्यक्ष होते अचलपूरचे बापूसाहेब वकील. त्यांचं बोरखेडीत जुनं शेत होतं. आणि बोट चालवायला होता गोवर्धन.

मिस्तरींनी मला त्या बोटीच्या मधोमध पक्कं बसवलं. माझ्यामागून एक दांडा काढला आणि त्याच्या टोकाला पाण्यात पंखा लावला. मला गार ठेवण्यासाठी बोटीच्या तळातून एक पाईप काढला. त्याचं तोंड खाली धरणाच्या पाण्यात, तोंडावर तारेची जाळी. माझा छोटा पंप तिथून पाणी ओढायचा, ते माझ्या अंगातून फिरायचं आणि गरम होऊन बोटीच्या बाजूच्या नळीतून बाहेर पडायचं. मिस्तरींनी गोवर्धनला त्या नळीपाशी बसवून सांगितलं, "बाकी काई ध्यानात नाई राह्यलं तरी चालन. ही धार पाहत जाय. धार मनगटाएवढी आहे तवर याले काई होत नाई. धार बारीक झाली की समज, याले पाणी भेटून नाई राहिलं. तवाच्या तवा बंद कर."

"हाव चाचा," गोवर्धन म्हणाला.

गोवर्धन माणूस चांगला होता, मित्रांनो. मी त्याच्यावर रागावलेलो आहे, तरी हे मला सांगितलंच पाहिजे. त्याच्याइतकं स्वच्छ मला कुणी ठेवलं नाही. तो महानुभाव पंथाचा, रिद्धपूरला जाऊन उपदेश घेतलेला. भेटला की दंडवत म्हणायचा. मासे नाही, मटण नाही, दारू नाही, आणि पाणी गाळल्याशिवाय पिणं नाही. खिशात धुतलेल्या धोतराचं एक दुहेरी फडकं कायम असायचं. ते भांड्याच्या तोंडाला लावून तो पाणी गाळायचा आणि मगच प्यायचा. फडक्यावर एखादा बारीकसा किडा आलाच तर फडकं उलटं करून त्याला परत पाण्यात सोडायचा.

मिस्तरी त्याला चिडवायचे. "गोवर्धन, तुयं पाणी गाळून होईस्तोवर मायं जेवण होऊन जाते बाप्पा."

"तुमी जेवा ना चाचा," गोवर्धन हसून म्हणायचा, "मी काई तुमचं पाणी हिसकून नाई राहिलो."

दोघं एकाच सावलीत बसून आपापल्या डब्यातलं खायचे. मिस्तरींच्या डब्यात मासळी असेल त्या दिवशी ते थोडे पलीकडे सरकून बसायचे. कुणी कुणाला काही म्हणत नसे.

पहिली दोन वर्षं माझी सुखात गेली. विहिरीत मी पाण्यासाठी तरसलो होतो, इथे माझ्याखाली पाणीच पाणी होतं. वर्षं मात्र वाईट होती. वऱ्हाडात त्या दिवसांत सगळीकडे कोरडं होतं. सकाळी बोट गाठोडी घेतलेल्या माणसांनी भरून जायची आणि संध्याकाळी हलकी परत यायची. कधी फाइली आणि कॅमेरे घेऊन साहेब लोक यायचे, गावात तासभर थांबायचे आणि पाण्याचे फोटो काढत परत जायचे. पण शाळेची मुलं रोज जायची आणि रोज यायची. त्यांच्यामुळे मला आपण काही कामाचं करतो आहोत असं वाटायचं.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती गोष्ट घडली. पावसाळ्यात मासेमारी सोसायटीने धरणात माशांची पिल्लं सोडली होती. एक दिवस गोवर्धन माझी धार पाहत बसला होता. धारेबरोबर दोन पांढरे तुकडे येऊन फळीवर पडले. नखाएवढी पिल्लं होती. जाळीतून आत आली, माझ्या अंगातून फिरली आणि शिजून बाहेर पडली. गोवर्धनचा चेहरा एकदम उतरला. त्याने ती उचलून हातावर घेतली. तिसरं-चौथं पिल्लू आलं तेव्हा त्याने मला मधल्या पाण्यातच बंद केलं. लोक ओरडले तेव्हा परत सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला, बोटीखाली गेला आणि पाईपाच्या तोंडावर ते आपलं दुहेरी फडकं सुतळीने बांधून आला. घरी भांड्याला बांधतो तसं. त्याने ते कुणालाही सांगितलं नाही. मासे धरणाऱ्या भोयांची पोरं हसली असती, आणि मिस्तरी तर वर्षभर चिडवत राहिले असते. माशांना वाचवायला इंजनाला गाळणं लावणारा माणूस सगळ्या धरणावर तो एकटाच होता. आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला होता.

हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी नितळ होतं, म्हणून निभावलं. गोवर्धन आठ दिवसांनी फडकं धुवायचा. पण पौषात पाणी उतरू लागलं, शेवाळ आलं, गाळ वर आला. घरचं पाणी आपल्या वजनाने फडक्यातून पडतं. ते सावकाश पडलं तरी चालतं. मी मात्र जोराने ओढतो. मी ओढलं की फडकं जाळीला गच्च चिकटायचं, त्यावर गाळ बसायचा, आणि माझा घसा बंद व्हायचा. मला बंद केलं की फडकं सैल व्हायचं आणि गाळ आपोआप झडून जायचा. म्हणून कुणाला काही सापडायचं नाही. मी पाण्यावर बसून तहानेने तापत होतो. विहिरीत पाणी नव्हतं तेव्हासुद्धा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा तापलो तेव्हा काळा धूर आला आणि मी अडकलो. निरोप गेला, दुसऱ्या दिवशी मिस्तरी एसटीने आले. ते यायच्या आधी गोवर्धनने काय केलं असेल? पाण्यात उतरून फडकं सोडून घेतलं. मिस्तरी हसू नयेत एवढंच त्याच्या मनात होतं. बोट काठावर ओढून मिस्तरींनी जाळी पाहिली, ती साफ. पट्टा पाहिला, ताठ. तेल पाहिलं, बरोबर. मला सुरू केलं, पालथा हात ठेवला, आणि मी गारच.

"धार कशी होती रे तापला तवा?" त्यांनी विचारलं.

"बरी होती," गोवर्धन म्हणाला.

तो त्याचा पहिला खोटा शब्द. लहानसाच होता.

मिस्तरींनी माझ्या अंगात साचलेला क्षार धुऊन काढला आणि ते गेले. गोवर्धनने स्वच्छ फडकं पुन्हा बांधलं. दहा-बारा दिवसांनी मी पुन्हा तापलो. मिस्तरी पुन्हा आले. फडकं पुन्हा आधीच निघालेलं. या वेळी त्यांनी पंपातला रबरी पंखा बदलला. तिसऱ्या वेळी माझं डोकं उघडून गॅसकेट बदलली. मागचा पाण्यातला पंखा काढून त्याला गवत गुंडाळलंय का तेही पाहिलं. दिवसभर उन्हात वाकून काम करायचे, शेवटी हात ठेवायचे, आणि मी गार. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला दिसायच्या. मी काय करू शकत होतो? तापणं एवढीच माझी बोली. आणि ते समोर असले की माझं तोंड मोकळं असायचं, त्यामुळे तेवढीही बोली मला फुटत नसे.

गोवर्धनला तेव्हा कळलं होतं का? मी यावर खूप विचार केला आहे. पहिल्या वेळी नव्हतं कळलं. घरी पाणी येतं फडक्यातून, मग इथे का येणार नाही, असं त्याचं सरळ डोकं. दुसऱ्या वेळी शंका आली असेल. तिसऱ्या वेळी त्याला माहीत होतं. तिसऱ्या वेळी तो मिस्तरींच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. पण तोवर मिस्तरींचे तीन खेटे झाले होते, आणि तीन खेट्यांनंतर सांगणं पहिल्यापेक्षा अवघड झालं होतं.

गावात कुजबुज सुरू झाली. मिस्तरींचा हात गेला म्हणे. आता वय झालं म्हणे. फेब्रुवारीत बापूसाहेब वकील स्वतः काठावर आले. लोक जमले.

"मिस्त्री, तीनदा तुम्ही हात लावलात आणि तीनदा परत तेच," बापूसाहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात मुलांची दहावी आहे. परीक्षेचं केंद्र पलीकडच्या काठावर. जमत नसेल तर स्पष्ट सांगा, मी अमरावतीहून दुसरा माणूस आणतो."

मिस्तरींनी टोपी काढून घाम पुसला. "वकीलसाहेब, चाळीस वर्षं झाले मले या कामात. याच्यात काईतरी आहे जे मले दिसून नाई राहिलं. परीक्षेचे सारे दिवस मी सोता बोटीत बसतो. मायी जबान आहे. एक दिवस बी पोरं अडकले, त या बोटीलेच काय, या भागात कोनाच्याच इंजनाले मी हात लावणार नाई."

गोवर्धन माझ्या शेजारी उभा होता. त्याचा हात माझ्या टाकीवर होता. मला वाटलं, आता सांगेल. त्याने खाली पाहिलं.

तुम्ही विचाराल, त्याने फडकं कायमचं काढून का नाही टाकलं? त्याने एकदा काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी धारेतून पाच पिल्लं आली, आणि संध्याकाळी त्याने ते परत बांधलं. परीक्षेच्या दिवसांत मात्र तो रोज संध्याकाळी ते धुवायचा. त्याला वाटलं, एवढ्याने भागेल. आणि भागलंही. अकरा मुलं होती. मराठीचा पेपर झाला, हिंदीचा झाला, इंग्रजीचा झाला. मिस्तरी पहाटेच्या एसटीने यायचे, गोवर्धन त्यांना पलीकडच्या काठावरून घेऊन यायचा, आणि मग ते रोज धारेपाशी बसायचे. मुलं त्यांना चाचा म्हणू लागली होती. इंग्रजीच्या पेपरहून येताना एकीने त्यांना बोरं दिली.

बीजगणिताच्या दिवशी पाणी बरंच उतरलं होतं. बोट चिखलात रुतली होती. मुलांनी खाली उतरून ढकलली, माझ्या पंख्याने चिखल ढवळला, आणि तो सगळा गाळ फडक्यावर जाऊन बसला. मधल्या पाण्यात पोचेपर्यंत माझा जीव गुदमरला.

मिस्तरी धारेकडेच पाहत होते. "धार बारीक झाली!" ते ओरडले. "गोवर्धन, बंद कर! बंद कर!" त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आनंद होता. तीन महिन्यांनी पहिल्यांदा आजार त्यांच्या समोर आला होता. घाईघाईने त्यांनी पट्टा चाचपला, मग पाणी माझ्या डोक्यापर्यंत येतंय का हे पाहायला वरची नळी सैल केली. एवढी घाई त्यांनी उभ्या जन्मात केली नसेल. पण अकरा मुलं घड्याळाकडे पाहत होती. नळी सुटली आणि माझ्या आतली उकळती वाफ त्यांच्या उजव्या हातावर गेली.

मित्रांनो, मी ती वाफ रोखू शकलो नाही. ज्या हाताने मला गोठ्यातून उचललं तोच हात मी भाजला.

एका मुलीने ओढणी भिजवून त्यांच्या हाताला गुंडाळली. मिस्तरींचा चेहरा पांढरा पडला होता, तरी डोकं जागेवर होतं. दात आवळून ते म्हणाले, "पाणी वर येऊनच नाई राहिलं. म्हंजे खालीच अडलं. गोवर्धन, बुडी मार. जाळी पाहून ये."

बघा, त्यांना सापडलं होतं. चाळीस वर्षांच्या त्या हाताने आजार बरोबर धरला होता. आता फक्त खरं बोलायचं बाकी होतं.

गोवर्धनने पाण्यात उडी घेतली. बोटीखाली गेला. मला त्याची बोटं जाळीवर जाणवली, सुतळी तुटली, फडकं निघालं. तो वर आला तेव्हा फडकं त्याच्या कमरेच्या धोतरात खोचलेलं होतं. अकरा मुलं त्याच्याकडे पाहत होती.

"जाळी साफ आहे, चाचा," तो म्हणाला.

"नीट पाह्यलं?"

"हाव. हात फिरवून पाह्यलं."

मिस्तरी खाली बसले. बांबूने रेटत रेटत बोट थोडी पुढे नेली. मी गार झालो तेव्हा गोवर्धनने मला सुरू केलं. धार मनगटाएवढी पडू लागली. मिस्तरी त्या धारेकडे असे पाहत होते की मला पाहवेना. "आता कशी आली बाप्पा?" एवढंच ते पुटपुटले.

मुलं काठावरून धावत सुटली. शाळेचं फाटक बंद झालं होतं. पेपर सुरू होऊन तास झाला होता, आणि इतक्या उशिरा कुणाला आत घ्यायचं नाही असा नियम होता. अकरा मुलं तोंडं बारीक करून पायऱ्यांवर बसून राहिली. मिस्तरींनी डाव्या हाताने आपले पाने गोळा केले, पिशवीत भरले आणि ती पिशवी बोटीतच ठेवली. गोवर्धनला म्हणाले, "हे तुयापाशीच राहू दे. मले आता काई कामाचे नाई." आणि एसटीच्या थांब्याकडे चालत गेले.

यापुढचं सांगायला मला सगळ्यात जास्त कडू वाटतं. त्या दिवसानंतर गोवर्धनने फडकं कधी बांधलं नाही, आणि म्हणून मी कधी तापलो नाही. एकदाही नाही. लोकांनी काय म्हणावं? "पाह्यलं? मिस्तरीनं हात काढला अन् इंजन सुधरला. तोच बिघडवून राहिला होता." ही गोष्ट बोटीतून त्या काठावर गेली, एसटीतून अचलपूरला, परतवाड्याला. गोवर्धन हे रोज ऐकायचा आणि सुकाणू धरून बसायचा. धारेतून पिल्लं यायची तेव्हा तोंड फिरवायचा. अकरातल्या सात मुलांनी पुढे ऑक्टोबरला पेपर दिला. चौघं बसलीच नाहीत. त्या चौघांना मीच एका सकाळी गाठोड्यांसकट पलीकडे नेलं. बोरं देणारी मुलगी त्यात होती.

बरीच वर्षं गेली. धरणावर पूल झाला, बोट बंद पडली. गेल्या उन्हाळ्यात गोवर्धनने मला गाडीवर टाकून परतवाड्याला या भंगारात आणलं. समोरच इनायतुल्ला मिस्तरींचं दुकान. आता तिथे त्यांची मुलगी शाहीन शिवणकाम करते. मिस्तरी दारात स्टुलावर बसलेले असतात. मला पाहून ते रस्ता ओलांडून आले. सवयीने त्यांनी उजव्या हाताची पालथी बाजू माझ्या डोक्यावर ठेवली. कातडी आवळलेली, चकाकणारी. त्या हाताला आता काही जाणवत नसावं, कारण त्यांनी तो हात उचलून डावा ठेवला.

"मी गेल्यावर तापला काय रे कवा?" त्यांनी गोवर्धनला विचारलं.

"नाई चाचा. एकदा बी नाई."

मिस्तरींनी मान हलवली. "मंग मायंच काई चुकलं असन. लय विचार केला मी. मायंच चुकलं असन."

गोवर्धनने शाहीनला पाणी मागितलं. तिने तांब्या आणि पेला आणून दिला. आणि मित्रांनो, सवय किती जुनी असते पाहा. त्याने खिशातून फडकं काढलं, पेल्याच्या तोंडाला लावलं आणि वरून पाणी ओतलं. मला गाडीवरून उतरवताना माझं तेल लागून फडकं मळकट झालं होतं. पाणी आत जाईना. ते फडक्यावरच साचलं आणि बाजूने ओघळून जमिनीवर पडलं.

मिस्तरी पाहत राहिले. पेल्याकडे, फडक्याकडे, मग माझ्याकडे.

"पाईपाच्या तोंडाले बी?" त्यांनी हळूच विचारलं.

गोवर्धनने होकारार्थी मान हलवली. पेला त्याच्या हातात तसाच होता.

"काहून?"

"मासोयीचे पिल्लं शिजून येत होते, चाचा."

मी वाट पाहत होतो, आता ते शिवी देतील, हात उगारतील. ते म्हणाले, "मले सांगाचं असतं. मोठा डबा करून देला असता, त्याले चारी बाजूंनं बारीक जाळी. पिल्लं बी वाचले असते अन् पाणी बी भेटलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं रे." मग म्हणाले, "मायं जाऊ दे. अकरा पोरं होते, गोवर्धन. जाऊन सांग बोरखेडीत."

"सांगतो चाचा," गोवर्धन म्हणाला आणि गेला.

याला चार महिने झाले. बोरखेडीची एसटी रोज या रस्त्याने जाते. रोज मी पाहतो. एकही माणूस उतरून मिस्तरींच्या दुकानापाशी आलेला नाही. ते स्टुलावर बसून एसटीकडे पाहतात आणि ती पुढे निघून गेली की मान खाली घालतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला तेलपाणी करा, उन्हात टाकू नका. मला आता तेल नको. माझं एवढंच मागणं आहे. यंत्र बिघडलं की तुम्ही काय केलं होतं ते मिस्तरीला सांगा, लाज वाटली तरी पहिल्याच दिवशी सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या धरणाच्या काठाचं असेल, तर मला फोडायच्या आधी बोरखेडीत एवढा निरोप द्या, की बीजगणिताच्या दिवशी जाळी साफ नव्हती, आणि इनायतुल्ला मिस्तरींचा हात चुकला नव्हता.